प्रत्येक जंगलाची एक नाडी

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागले, की दोन्ही बाजूंना काळ्या मातीची सपाट शेते दिसतात. कपाशी, तूर, पुन्हा कपाशी. गांधीग्रामला पूर्णा नदी ओलांडून अकोट मागे टाकले, की उत्तरेला एक निळसर भिंत उभी राहते. ही सातपुड्याची गाविलगड रांग. तिच्या एका माथ्यावर नरनाळ्याचा किल्ला आहे, आणि त्याच्या पलीकडे डोंगरांच्या एकात एक गुंतलेल्या घड्या आहेत. डोंगरांचा जेथे मेळ बसतो तो मेळघाट.

मेळघाटात वाघ, अस्वल, रानगवा आहेत हे वऱ्हाडातील बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण मेळघाटात गेंडा का नाही? जैसलमेरच्या माळावर रानगवा का नाही? मणिपुरातील एक हरीण जगात दुसऱ्या कोणत्याही जंगलात का सापडत नाही? ‘हवामान वेगळे असते म्हणून’ हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

वैद्य रोग्याला तपासताना आधी मनगटावर बोट ठेवून नाडी पाहतो. जंगलांचेही काहीसे तसेच आहे. प्रत्येक जंगलात शेकडो गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात, पण त्यांतील एखादी अशी असते, की ती बिघडली तर बाकीचे सगळे ढासळू लागते. ती त्या जंगलाची नाडी. भारतात शंभराहून अधिक राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांतील काहींची नाडी कोठे आहे ते पाहू आणि शेवटी आपल्या मेळघाटाच्या मनगटावर बोट ठेवू.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय?

‘उद्यान’ हा शब्द ऐकला, की फुलझाडे आणि कारंजी डोळ्यांपुढे येतात. राष्ट्रीय उद्यान तसे नसते. निसर्गाचा एखादा प्रदेश, त्यातील झाडे, प्राणी, पक्षी, कीटक आणि पाणी यांच्यासह जसाच्या तसा राहावा म्हणून कायद्याने राखून ठेवलेली ती जागा होय. आपल्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी स्थापन झाले. आज आपण त्याला कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान म्हणतो. महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणजे १९५५ सालचे ताडोबा.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्यानुसार अभयारण्यात लोकांचे काही हक्क, उदाहरणार्थ गुरे चारण्याचा, मर्यादित स्वरूपात चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारता येत नाहीत. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात देशभरातून निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आज सुमारे २,७६८ चौ. कि. मी. आहे. त्याच्या पोटात १९८७ साली घोषित झालेले ३६१ चौ. कि. मी.चे गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्य याच प्रकल्पाचा भाग असून ते अवघे १२ चौ. कि. मी.चे आहे.

पुरावर जगणारे जंगल

मेळघाटातून एकदम देशाच्या ईशान्य टोकाला जाऊ. आसाममधील काझीरंगा ब्रह्मपुत्रेच्या काठी आहे. पावसाळ्यात नदी फुगते आणि उद्यानाचा मोठा भाग पाण्याखाली जातो. काही प्राणी बुडून मरतात. मग हा पूर थांबवला तर बरे, असे वाटेल. पण तसे केले तर काझीरंगाच संपेल.

पूर येताना गाळ आणतो आणि त्या गाळावर माणसाच्या उंचीहून उंच गवत वाढते. पुरामुळेच जुनी तळी साफ होतात आणि पाणवनस्पतींचा गुंता वाहून जातो. पूर नसता तर गवताच्या जागी हळूहळू झाडे आली असती. एकशिंगी गेंडा गवतावर जगतो आणि अंग थंड ठेवण्यासाठी दलदलीत लोळतो. २०२२ सालच्या गणनेत काझीरंगात २,६१३ गेंडे आढळले. ते तेथे आहेत याचे एक मोठे कारण हा पूर आहे.

पण पुराच्या दिवसांत प्राण्यांना उंच जागा लागते. ती दक्षिणेला, कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांत आहे. उद्यान आणि टेकड्या यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर चढला, की हरणे, हत्ती, गेंडे हा रस्ता ओलांडतात. म्हणून त्या काळात तेथे वाहनांच्या वेगावर बंधने घातली जातात. काझीरंगाची नाडी अशी दुहेरी आहे : येणारा पूर, आणि पुरातून टेकडीवर जाण्याची मोकळी वाट. यातली वाट उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, हे लक्षात ठेवा. आपल्याला ते पुढे लागणार आहे.

तरंगते घर

आसामच्या शेजारीच मणिपूर आहे. तेथील लोकटाक सरोवरात कुजलेल्या वनस्पती, मुळे आणि माती यांचे जाड थर पाण्यावर तरंगतात. त्यांना फुमदी म्हणतात. या फुमद्यांवर केइबुल लामजाओ हे राष्ट्रीय उद्यान १९७७ साली झाले. संगाई नावाचे हरीण नैसर्गिक स्थितीत फक्त येथेच उरले आहे. १९७५ साली केलेल्या पाहणीत अवघी १४ हरणे दिसली होती. २०१६ साली ती २६० भरली.

आता या घराची रचना पाहा. पूर्वी उन्हाळ्यात सरोवराचे पाणी उतरे आणि फुमदी तळाला टेके. तिच्यावरील झाडे तळातल्या गाळातून अन्न घेत, थर पुन्हा जाड होई आणि पावसाळ्यात वर येई. १९८३ साली वीजनिर्मितीसाठी इथाई येथे बंधारा झाला. पाण्याची पातळी वर्षभर उंच राहू लागली. फुमदी तळाला टेकेनाशी झाली, तिला पोषण मिळेना, आणि ती पातळ होऊ लागली. पातळ थर हरणाचे वजन पेलत नाही. थर पातळ होण्यामागे शिकार किंवा जंगलतोड हे कारण नव्हते. फक्त पाण्याचे वर्षाकाठी खाली-वर होणे थांबले. केइबुल लामजाओची नाडी तीच होती.

एकच घर, एकच अंडे

पूर्वेकडून आता पश्चिमेला येऊ. आशियाई सिंह आज फक्त गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपास आढळतो. येथे मात्र ‘हवामान’ हे उत्तर चालणार नाही. दोनशे वर्षांपूर्वी उत्तर व मध्य भारताच्या बऱ्याच भागात सिंह होते. बंदुकीने ते संपवले. गीरमध्ये संरक्षण मिळाले म्हणून ते तेथे उरले. २०२५ सालच्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सगळे सिंह एकाच प्रदेशात असणे हा धोकाही आहे. २०१८ साली गीरमध्ये एका विषाणूची साथ आली आणि वीसहून अधिक सिंह दगावले. त्याच विषाणूने १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीमध्ये सुमारे एक-तृतीयांश सिंह मारले होते. सारे धान्य एकाच कणगीत ठेवले आणि तिला कीड लागली, तर पेरायलाही उरत नाही.

राजस्थानात जैसलमेरजवळच्या राष्ट्रीय मरू उद्यानाचे दुखणे निराळेच आहे. येथे माळढोक पक्षी आहे. एकेकाळी तो महाराष्ट्राच्या माळरानांवरही होता. देशात आज तो दीडशेच्या आतच उरला असावा. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. अंगाने जड असलेल्या या पक्ष्याला उडताना समोरचे नीट दिसत नाही, कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे विजेच्या तारा चुकवणे त्याला जमत नाही. ज्याला लोक ‘पडीक’ म्हणतात असा मोकळा, गवताळ, तारांविना माळ हीच माळढोकाची गरज आहे.

आतापर्यंत पाहिलेल्या जागा एकमेकींसारख्या मुळीच नाहीत. एकीला पूर हवा, दुसरीला उन्हाळ्यात उतरणारे पाणी, तिसरीला दुसरे घर, चौथीला मोकळे आकाश. म्हणून नुसते कुंपण घातले की जंगल वाचले, असे होत नाही. कुंपण सगळीकडे सारखेच असते, नाडी मात्र वेगवेगळी.

मेळघाटाचे पाणी

आता घरी परतू. गाविलगडचे डोंगर लाव्हारसापासून झालेल्या काळ्या खडकाचे आहेत. वैराटची उंची ११७८ मीटर आहे. अकोल्यात वर्षाला सरासरी ८०० मि. मी.च्या आसपास पाऊस पडतो. चिखलदऱ्याला तो जवळजवळ दुप्पट. पण उतार तीव्र असल्याने हे पाणी डोंगरावर ठरत नाही. सिपना, गाडगा, डोलार, खंडू, खापरा या नद्या ते उत्तरेला व पश्चिमेला तापीकडे नेतात. वान नदी दक्षिणेला उतरून पूर्णेला मिळते, आणि पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीला. म्हणजे डोंगरावर कोठेही पडलेला थेंब, एका वाटेने नाही तर दुसऱ्या वाटेने, शेवटी तापीतच जातो. मात्र वाटेत वानच्या धरणात अडलेले पाणी अकोट, तेल्हारा, शेगाव या गावांची तहान भागवते.

उन्हाळा आला, की या नद्या आटतात. उरतात ते खोलगट डोह. सागवान आपली पाने गाळतो, कारण पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी त्याला परवडत नाही. कोरकू भाषेत सागवानाला ‘सिपना’ म्हणतात. नदीला झाडाचेच नाव आहे. एप्रिल-मे महिन्यांत सांबर, रानगवा, रानडुक्कर, अस्वल आणि त्यांच्या मागोमाग वाघ डोहांच्या आसऱ्याला येतात. वन खात्याचे लोकही जंगलात पाणवठे तयार करून त्यांत पाणी भरतात.

मग डोह ही मेळघाटाची नाडी म्हणायची का? थोडीफार होय. पण वाघासाठी आणखी एक हिशेब मांडावा लागतो.

वाघाचा हिशेब

पूर्ण वाढलेला वाघ साधारणपणे आठवड्याला एक मोठी शिकार करतो. वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे एका वाघाला वर्षाला सुमारे ५० प्राणी लागतात. हरणांचे कळप कमी न होता टिकायचे असतील, तर वाघाने त्यांतले दरसाल दहा टक्क्यांच्या आसपासच खावेत. म्हणजे एका वाघामागे ५०० प्राणी हवेत. वीस वाघांमागे दहा हजार. या दहा हजारांना चारा हवा, चाऱ्याला जमीन व पाऊस हवा. कान्हासारख्या ठिकाणी विस्तीर्ण कुरणे आहेत, तेथे थोड्या जागेत पुष्कळ चितळे राहतात. मेळघाट डोंगराळ आणि कोरडा. सांबर व रानगवा यांना तो मानवतो, पण येथे एका चौरस किलोमीटरमागे मावणारे प्राणी कमी. म्हणून येथील वाघाला जागा जास्त लागते.

त्यात दर काही वर्षांनी बछडी मोठी होतात. सुमारे दोन वर्षांचा झालेला नर आईपासून दूर जातो आणि स्वतःची जागा शोधतो. जवळच्या जागा मोठ्या वाघांनी धरलेल्या असतात. त्याला जाण्यास वाट नसेल, तर तो भांडणात मरतो किंवा गावात शिरतो. आणि सगळेच वाघ वर्षानुवर्षे एकाच जंगलात कोंडून राहिले, तर जवळच्या नात्यांत संतती होऊन वंश दुबळा होतो.

वाघ किती दूर जातो याचा पुरावा आपल्याच भागात मिळाला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौ. कि. मी.चे. तेथील एका तरुण नराच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये जागा कळवणारा पट्टा बांधण्यात आला. पावसाळ्यात तो वाघ निघाला. तेलंगणातील आदिलाबाद, मग हिंगोली, वाशिम, कधी नाल्यांतून, कधी तुरी-कपाशीच्या शेतांतून, बहुधा रात्रीच चालत तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पट्टा होता तोवरच्या काळात तो एकूण सुमारे ३,००० कि. मी. चालल्याची नोंद झाली. एवढे चालून ज्ञानगंगेत त्याला शिकार मिळाली, पाणी मिळाले, पण वाघीण नव्हती. नकाशावर हिरवा ठिपका असणे पुरेसे नसते. तो ठिपका दुसऱ्या ठिपक्याशी जोडलेला असावा लागतो.

मेळघाटाचे भाग्य असे, की तो अजून एकटा ठिपका नाही. पूर्वेला आणि उत्तरेला मध्य प्रदेशातील बैतूल, खांडवा, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांची जंगले आहेत. त्यांतून सातपुडा व्याघ्र प्रकल्पाकडे वाट जाते. रानपिंगळा या लहानशा घुबडाची गोष्ट हेच सांगते. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याची प्रथम नोंद केली. १८८४ नंतर तो खात्रीने कोणाला दिसलाच नाही, आणि तो नष्ट झाला असे मानले गेले. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सातपुड्यात सापडला. मग सातपुड्याच्या याच साखळीत मेळघाटातही तो मिळाला. मेळघाटाची नाडी हीच : उन्हाळ्यातला डोह, आणि शेजारच्या जंगलाकडे जाणारी न तुटलेली वाट.

रुळांचा प्रश्न

या वाटेवरच एक प्रश्न उभा आहे. अकोला-खांडवा मीटरगेज रेल्वे अनेक दशके मेळघाटातून धावत होती. धूळघाटजवळ चढ कमी करण्यासाठी रूळ स्वतःच्याच वरून वळसा घालून जातात. ही लहान गाडी घाटात धिम्या गतीने चाले. आता मीटरगेज बंद झाले आहे. अकोल्याहून अकोटपर्यंत रूळ रुंद करून झाले. पुढचा सुमारे ३९ कि. मी.चा भाग व्याघ्र प्रकल्पातून जातो. रुंद रुळांवरून गाड्या अधिक वेगाने आणि अधिक संख्येने धावतील. रात्री डोहाकडे निघालेल्या रानगव्याला त्या वेगाचा अंदाज येत नाही.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने केंद्राला पत्र लिहून हा मार्ग जंगलाबाहेरून, हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने न्यावा असे सुचवले. त्याने अंतर आणि खर्च वाढतो. मात्र आजवर रेल्वे न पाहिलेली पायथ्याची गावेही जोडली जातात. खांडव्याकडे थेट गाडी हवी ही अकोटच्या व्यापाऱ्याची, शेतकऱ्याची मागणी खरी आहे. वाघाला वाट हवी हेही खरे आहे. दोन खऱ्या गरजांमधून मार्ग काढणे, यालाच नियोजन म्हणतात. नागपूर जिल्ह्यात पेंचजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ याचे उदाहरण आहे. तेथे रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेतला असून त्यांतील एक पूल ७५० मीटर लांब आहे. त्याखालून वाघ, रानकुत्रे, सांबर जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत.

माणसांचा हिशेबही विसरून चालणार नाही. मेळघाट हे कोरकू लोकांचे घर आहे. मोहफुले, तेंदूपाने, डोह आणि पायवाटा यांचे त्यांच्याइतके ज्ञान क्वचितच कोणाला असेल. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलाच्या गाभ्यातून अकोट परिसरात हलवली गेली. नंतर आणखी गावे हलली. त्यामुळे जंगलात गवत वाढले, हरणांना जागा मिळाली. पण मैदानात आलेल्या काही कुटुंबांना जमीन, रोजगार, दवाखाना यांच्या अडचणी आल्या, आणि काही जण परत जंगलाकडेही गेले. जंगल राखल्याचा लाभ पाण्याच्या रूपाने पायथ्यावरच्या शहरांनाही होतो. मग त्याची किंमत फक्त जंगलातल्या माणसाने का द्यावी, हा प्रश्न न्यायाचा आहे.

तुम्ही काय करू शकता?

वर्गात एक काम करून पाहा. भारताच्या कोऱ्या नकाशावर काझीरंगा, केइबुल लामजाओ, गीर, जैसलमेर आणि मेळघाट दाखवा. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा : पाऊस किती, जमीन कशी, मुख्य प्राणी कोणता, आणि कोणती एक गोष्ट बंद पडली तर तो प्राणी संपेल. चौथा रकाना भरताना तुमच्यात वाद होतील. होऊ द्या. तो वाद शास्त्रज्ञांतही होतो.

मग अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा नकाशा घ्या. मेळघाट, नरनाळा, वान, अंबाबरवा, ज्ञानगंगा आणि महानच्या जलाशयाभोवतीचे काटेपूर्णा अभयारण्य हिरव्या रंगाने भरा. रस्ते, रेल्वे, कालवे काळ्या रेघांनी काढा. आता मेळघाटापासून पेन्सिल न उचलता, काळी रेघ न ओलांडता, किती अभयारण्यांपर्यंत जाता येते ते बघा. पेन्सिल जेथे अडेल तेथे खूण करा. वाघही तेथेच अडतो. आपल्या भागात पूल, भुयारी वाट किंवा वळणाचा रस्ता कोठे हवा, याची पहिली यादी त्या खुणांवरून तुम्हीच तयार करू शकाल.